मंदाकाकींच्या डोळ्यांखाली

संपादकबाईंचा फोन आला तेव्हा मी बोंबील साफ करत होते. फोन खांद्याने कानाशी दाबून धरला. त्या म्हणाल्या, "शैलाताई, एवढ्या नवऱ्या सजवल्यात तुम्ही. आमच्या अंकासाठी डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांवर लिहा ना. कन्सीलर कसं निवडायचं, कसं लावायचं. हलकंफुलकं काहीतरी." मी हो म्हटलं. हो म्हणायची खोड जुनीच आहे माझी. नंतर चार दिवस वही घेऊन बसले आणि चारही दिवस एकच बाई डोळ्यांसमोर येऊन उभी राहिली. म्हणून आधी कामाचं सांगते, मग तिचं सांगते. हलकंफुलकं किती राहील ते मात्र सांगता येत नाही.

लालबागला आमच्या चाळीच्या खोलीत एक पडदा, एक खुर्ची आणि एक आरसा एवढ्यावर मी पार्लर सुरू केलं. पडद्याच्या अलीकडे गिऱ्हाईक, पलीकडे सासूबाईंचा कुकर. पुढे लग्नाच्या मेकअपची कामं मिळाली, परळ-दादरचे हॉल पाठ झाले. वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या तोंडावर वाकून गुडघे आणि कंबर दोन्ही गेलं, तेव्हा थांबले. माझ्या स्वतःच्या डोळ्यांखाली लहानपणापासून काळं आहे, आमच्या घराण्यातच आहे ते. पण पार्लर काढल्यापासून तो डाग मी कुणाला दाखवला नाही. खाली दुधाची पिशवी आणायला जायचं तरी आधी कन्सीलरची ट्यूब, मग चप्पल.

आता कामाचं. काळी वर्तुळं म्हटलं की सगळी एकच, असं वाटतं लोकांना. तसं नाही. गिऱ्हाईक आलं की मी आधी त्याला खिडकीकडे तोंड करून बसवायचे. ट्यूबलाइटखाली सगळी तोंडं खोटं बोलतात. मग डोळ्याखालची कातडी बोटाने अगदी हलकी खाली ओढायची. काळेपणा तसाच राहिला तर तो कातडीचाच रंग. जांभळट होऊन पसरल्यासारखा दिसला तर आतल्या रक्तवाहिन्या, कातडी पातळ असते तिथली. आणि मान वर करून उजेडाकडे बघितल्यावर काळेपणा गायब झाला तर तो रंगच नाही, खड्डा आहे, त्याची सावली पडते. सावलीवर कितीही थापा, ती हटत नाही. हे गिऱ्हाइकाला पटवायला मात्र माझी अर्धी जिंदगी गेली.

आपल्या सावळ्या रंगावर नुसतं फिकं कन्सीलर लावलं तर ते राखेसारखं दिसतं. आधी नारिंगीकडे झुकणारा रंग, तोही नखाएवढा, फक्त काळं आहे तिथेच. त्यावर आपल्या रंगाचं कन्सीलर, फार तर अर्धी शेड उजळ. दोन शेड उजळ घेणाऱ्या बायका मी कायम बघितल्या आणि कायम बोलले, "अगं, डोळ्यांखाली दिवाळीचे आकाशकंदील लावायचेत का?" शेड मनगटावर नाही, जबड्याच्या कडेला लावून बघायची, तीही लावून दहा मिनिटं थांबून, कारण हवा लागली की रंग चढतो. नवरीची शेड हळदीच्या आधी ठरवून ठेवायची. हळदीच्या दुसऱ्या दिवशी जुळवायला गेलात की मेलात, कारण तोंड पिवळं, मान पिवळी, जुळवणार कशाशी?

लावायचं करंगळीशेजारच्या बोटाने. त्या बोटाला जोर नसतो, म्हणून. चोळायचं नाही, थोपटायचं, बाळ झोपवतात तसं. आणि बारीक रेघा असतील तर कमीत कमी. हे नीट ऐका. जितकं जास्त लावाल तितकं ते रेघांत जाऊन बसतं आणि तासाभरात उन्हाळ्यातल्या शेतासारखं भेगाळतं. बाईला वर बघायला सांगायचं, रेघेत जमलेलं बोटाने टिपून घ्यायचं आणि मग चिमूटभर पावडर. झालं. एवढीच विद्या आहे. बाकी सगळा गिऱ्हाइकाला दिलेला धीर.

आमच्याकडे पुरुषही यायचे, पण गणपतीत. एका मंडळाचा कार्यकर्ता आठव्या दिवशी धावत आला. "ताई, टीव्हीवाले मुलाखत घ्यायला आलेत आणि आई म्हणते भूत दिसतोयस. काहीतरी कर ना." डोळे बघितले, कोळशाची वखार. म्हटलं, बस, डोळे मिट. मिटले ते मिटलेच, घोरायला लागला. मी पडदा ओढून घेतला आणि बाहेर टीव्हीवाल्यांना सांगितलं, मेकअप चालू आहे. अर्ध्या तासाने हात लावला तर दचकून उठला आणि जोरात "मोरया" ओरडला. पलीकडून सासूबाईंनीही सवयीने ओ दिली. त्याला कन्सीलर थोडंच लागलं. मुलाखतीत असा काही दिसला की पुढच्या वर्षी मंडळाचे चौघे आले. अशा गोष्टी सांगायला मला आवडतात. सांगून सांगून मी हुशार ठरलेय. जी गोष्ट सांगत नाही ती आता सांगते.

मंदाकाकी आमच्या शेजारच्या चाळीत राहायच्या, दुसऱ्या मजल्यावर. मालवणकडच्या. नवरा गिरणीत होता. गिरणी बंद पडली, पुढे दोन वर्षांत तोही गेला. काकींनी डबे सुरू केले. पहाटे साडेतीनला उठून चपात्या लाटायच्या, आठ वाजता डबे जिन्याखाली गेले पाहिजेत. तीस वर्षं हे चाललं. आधी गिरणीतले खायचे, मग त्याच जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतींतले खायला लागले. काकींची चपाती तीच. एवढ्या वर्षांच्या अपुऱ्या झोपेनं त्यांच्या डोळ्यांखाली काय झालं असेल, ते तुम्हीच समजा.

त्यांच्या वैशालीचं लग्न ठरलं तेव्हा मेकअपचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. बारा-तेरा वर्षं झाली त्याला. त्याच महिन्यात मी दादरला दोन दिवसांचा एक क्लास करून आले होते. तिथे एक नवीन पांढरी पावडर दाखवली होती, पिठापेक्षा बारीक, बोटाला लागली तरी कळू नये अशी. तोंडावर लावली की रेघा पुसल्यासारख्या व्हायच्या. मी डबी विकत घेतली आणि कधी एकदा ती कुणावर वापरते असं मला झालं होतं.

हॉलवरच्या खोलीत वैशाली तयार झाली. बावीस वर्षांची पोर, तिला या पावडरची गरजच नव्हती. तेवढ्यात मंदाकाकी लेकीला बघायला आत डोकावल्या. मी म्हटलं, "काकी, बसा, तुमचंही करते."

"माका कित्याक गो?" काकी हसल्या. "चेडवाच्या लग्नात माका कोण बघतलो?"

"निदान डोळ्यांखालचं तरी झाकूया."

"माझ्या डोळ्यांक काय झाला? माझे असेच असत."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. विधवा बाई, आयुष्यात पावडरीपलीकडे काही लावलेलं नाही, हौस नाही, मागितलेलं नाही. पण माझ्या पर्समध्ये ती नवी डबी होती. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "काकी, हे असले डोळे घेऊन विहिणीसमोर उभ्या राहणार? त्यांना वाटेल मुलीची आई आजारी आहे." खोलीतल्या दोन-तीन बायका हसल्या. वैशालीने मान खाली घातली. काकींचं हसू पुसलं गेलं आणि त्या मुकाट्याने येऊन खुर्चीत बसल्या. ते वाक्य आजही आठवलं की मला एकटीला, घरात कुणी नसताना, लाज वाटते.

मी त्यांच्या डोळ्यांखाली कन्सीलर लावलं. आतमध्ये मंगलाष्टकांची तयारी, बाहेर बँड, वैशालीला बघून काकींचे डोळे भरून आलेले. ओल्या डोळ्यांखाली ते लगेच रेघांत जमलं. टिपून घ्यायला हवं होतं. मी टिपलं नाही, वर आणखी लावलं. तेही फाटलं. मग ती पांढरी पावडर काढली आणि दाबून दाबून भरली. "बाये, जड लागता गो," काकी म्हणाल्या. मी म्हटलं, सवय नाही म्हणून वाटतं. आरशात एक रेघ दिसत नव्हती. मीच स्वतःवर खूश. क्लासच्या बाईंनी बजावून सांगितलं होतं, ही पावडर लावलीत की खुर्चीतून उठवण्याआधी फ्लॅश मारून एक फोटो काढून बघा. साध्या उजेडात कळत नाही, फ्लॅशचा उजेड ती परत फेकते. मुहूर्त जवळ आला होता. मी बघितलं नाही.

पंधरा दिवसांनी अल्बम आला. सगळे छान, आणि प्रत्येक फोटोत मंदाकाकींच्या सावळ्या तोंडावर डोळ्यांखाली दोन पांढऱ्याफटक चंद्रकोरी. वैशाली सासरहून अल्बम घेऊन आली होती, रडवेली. "शैलाताई, आईचं असं कसं झालं?"

मला एका क्षणात कळलं. आणि त्याच क्षणात माझ्या तोंडून निघालं, "फ्लॅश जास्त मारला गं त्याने. नवीनच आहे ना तो फोटोग्राफर."

फोटोग्राफर म्हणजे महेश. भोईवाड्यातला, पंचविशीचा, बौद्धवाडीतल्या मास्तरांचा मुलगा, नुकता कॅमेरा घेऊन स्वतःचं काम सुरू केलेलं. वैशालीचे काका त्याच्याकडे गेले आणि चारचौघांसमोर नको नको ते बोलून आले. तो सांगत होता म्हणे, सगळ्यांना तोच फ्लॅश होता, बघा बाकीचे फोटो. कोण ऐकतो? शैलाताई एवढी अनुभवी बाई, ती सांगतेय ना. त्या चाळीतली दोन लग्नं त्याने घेतली होती, दोन्ही गेली. त्यानंतर महेश आमच्या गल्लीत कॅमेरा घेऊन कधी दिसला नाही. मी रोज म्हणायचे, उद्या सांगते. मग म्हणायचे, आता विसरले सगळे.

विसरलं कुणी नव्हतं. चाळीतल्या बायका काकींना छेडायच्या, "मंदा, डोळ्यांखाली चुनो लावलंस काय गो?" म्हातारपणी नटायला गेली, असंही मागून बोलायच्या. काकी हसून घ्यायच्या. माझ्याशी पूर्वीसारख्याच बोलायच्या, एकादशीला रताळ्याचा कीस पाठवायच्या. पण कुणी फोटोसाठी मोबाइल वर केला की त्यांचा पदर तोंडावर यायचा. नातीच्या बारशाला, पुतण्याच्या लग्नात, कुठेच त्यांचं तोंड नाही. मी ते बघायचे आणि कीस खायचे.

गेल्या वर्षी मंदाकाकी गेल्या. झोपेतच गेल्या. साडेतीनला उठल्या नाहीत तेव्हा सुनेला कळलं. चौथ्या दिवशी मी भेटायला गेले. भिंतीवर खिळा मारलेला होता, फोटो नव्हता. वैशाली आता शीवला राहते, ती आलेली होती. तिने मोबाइल माझ्यासमोर धरला. "बघा ताई, एवढ्या फोटोंत सगळीकडे पदर नाहीतर हात. आधारकार्डावर आहे, पण तो बघून तीच म्हणायची, पोलिस धरून न्हेतले माका. नीट समोर बघणारा फोटो एकच आहे. माझ्या लग्नातला."

तो फोटो तिने कोपऱ्यावरच्या दुकानात देऊन दुरुस्त करून आणला होता. दुकानदाराने चंद्रकोरी पुसल्या आणि डोळ्यांखाली सगळं गुळगुळीत करून टाकलं. सून म्हणाली, "कोणत्या तरी मालिकेतली सासू वाटते. आमची सासू नाही वाटत." नात तर विचारत होती, ही कोण?

वैशालीने माझा हात धरला. "ताई, तिचे डोळे तुमच्याइतके जवळून कुणीच बघितले नाहीत. कुठे किती काळं होतं, रेघा किती होत्या, तुम्हाला आठवत असेल ना? तेराव्याच्या आत ते परत काळं करता येईल का? मूळ फोटो महेशकडे असेल. पण त्याच्याकडे आम्ही कोणत्या तोंडाने जाणार? काकांनी त्याला काय काय सुनावलं होतं."

"मी जाते," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

महेशचं दादरला फुलबाजाराच्या मागे आता छोटंसं स्टुडिओचं दुकान आहे. केस पिकायला लागलेत. मला बघून उठून उभा राहिला, खुर्ची पुसून दिली, चहा सांगितला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कामाचं सांगितलं तर एका शब्दाने तक्रार न करता जुनी हार्ड डिस्क शोधून त्याने फोटो उघडला. पडद्यावर काकी एवढ्या मोठ्या, डोळ्यांखाली माझं कर्तृत्व. मी घाईघाईने रंगाचं बोलायला लागले. तो म्हणाला, "ताई, एक विचारू? मला अजून कळलेलं नाही. सगळ्यांना तोच फ्लॅश, तेच अंतर. एकट्या काकींनाच असं कसं झालं? तुम्ही तर तिथेच होतात."

खोटं जिभेवर तयार होतं. बारा वर्षं घोटलेलं खोटं, ते कुठे जातंय? पण समोरून काकी बघत होत्या. मी सांगितलं. पावडरीचं सांगितलं, फोटो काढून बघायला हवा होता ते सांगितलं, आणि मला पहिल्याच दिवशी कळलं होतं तेही सांगितलं. "चूक माझी होती, महेश. तुझ्या माथी मी मारली."

त्याने माउसवरचा हात काढून घेतला आणि म्हणाला, "तो फ्लॅश मी टाकून दिला होता, ताई. बाबांनी घेऊन दिलेला. मला वाटलं बिघडलाय. बाबा विचारायचे, कुठे गेला, तर सांगायचो हरवला. ते जाईपर्यंत त्यांना वाटत होतं, पोरगा निष्काळजी आहे."

मी माफी मागितली. तो ठीक आहे म्हणाला नाही. त्याने का म्हणावं? त्याने फोटो मोठा केला आणि म्हणाला, "सांगा, कुठून सुरू करू?"

मग मी उलटं काम केलं. "आतल्या कोपऱ्यात जांभळट घे. तिथून खाली तपकिरी, सुक्या कोकमाच्या सालीसारखं. एवढं काळं नको, कडेला विरू दे. डावीकडे जास्त घे, चुलाणं डावीकडे असायचं त्यांच्या. डावीकडे तीन रेघा, उजवीकडे दोन आणि एक अर्धी." मला सगळं आठवत होतं. झाकण्यासाठी जे एवढं नीट बघून ठेवलं होतं, ते सगळं. तो करत गेला, मी खोडत गेले, पुन्हा करत गेला. दोन दिवस लागले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने हात मागे घेतला. समोर मंदाकाकी होत्या, आठचे डबे नुकते खाली पाठवून बसलेल्या.

फोटो घेऊन गेले तेव्हा वैशाली दारातच होती. तिने तो छातीशी धरला. "हां. ही माझी आई." मग मी तिलाही सांगितलं. जिन्याच्या कठड्याला धरून सांगितलं. तिने ऐकून घेतलं. रडली नाही, ओरडली नाही. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तेराव्याला महेशला घेऊन या. आणि हे मला सांगितलंत ते सगळ्यांना सांगा. त्याला सगळ्यांसमोर बोलले होते, तेव्हा हेही सगळ्यांसमोरच व्हायला हवं." एवढं बोलून आत गेली. मला पाणीसुद्धा विचारलं नाही.

तेराव्याच्या सकाळी मी आरशासमोर बसले. न जाण्याची कारणं शोधली, गुडघे तर होतेच मदतीला. ट्यूब उघडली, बोटावर घेतलं, आणि टॉवेलला पुसून टाकलं. तशीच निघाले. महेश चाळीखाली उभा होता, म्हणाला, "ताई, नको. तुम्ही सांगून या, मी इथेच थांबतो." मी म्हटलं, "तू वर चल बाबा. तू नसलास तर मी तिथे पुन्हा काहीतरी वेगळंच सांगेन. मला माझा भरवसा नाही."

गॅलरीत पंगत बसायची होती. बायका पानं वाढत होत्या, वैशालीचे काका दारात होते. काकींच्या फोटोला हार घातला होता. मी फोटोकडे पाठ न करता बोलले, थोडंच बोलले. लग्नातले ते फोटो माझ्या पावडरीने खराब झाले, या महेशचा काही दोष नव्हता, मला माहीत होतं आणि मी बोलले नाही. कुणीतरी "अगं बाई" म्हणालं. काका दारातून पुढे आले, महेशसमोर हात जोडले आणि त्याला हाताला धरून पंगतीत बसवलं. मला कुणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. मी भिंतीला टेकून उभी राहिले.

शेजारच्या सावंतकाकी, नव्वदीच्या, चुन्यावरून सगळ्यात जास्त चिडवणाऱ्या त्याच, काठी टेकत जवळ आल्या. माझ्या तोंडाजवळ तोंड आणून निरखून बघायला लागल्या.

"शैला, तुझ्या डोळ्यांक काय झाला गो?"

"काय नाय काकी," मी म्हटलं. "माझे असेच असत."